अकरावं समीकरण

देश एवढासा, की राजधानीतून निघालेली बस उतारूंना नीट डुलकी लागायच्या आत सरहद्दीवर पोचायची. पण देश लहान म्हणून त्याचा संसार लहान, असं थोडंच असतं? लहान पोराच्या खोड्या मोजायला बसावं, म्हणजे कळतं. बाई गेली एकोणीस वर्षं तेच करत होत्या. नियोजन खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून असलेल्या खोलीत त्यांनी चौसष्ट समीकरणांत अख्खा देश बसवला होता. मजुरी वाढली की लोक किती खर्च करतील, लोकांनी खर्च केला की दुकानदार किती माल मागवतील, माल मागवला की बंदराला किती जहाजं लागतील... एकाचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात. ह्या सगळ्या गोतावळ्याला खात्यात ‘मॉडेल’ म्हणत आणि बाईंना नुसतंच ‘बाई’.

बाई थकल्या होत्या. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढे त्या जे वागल्या त्याला कुणी धाडस वगैरे म्हणायचं. थकवा कामाचा नव्हता, काम त्यांनी हौसेनं ओढलं होतं. पण चौसष्ट समीकरणं कुणालाच नको होती. वर सचिवांकडे जायचं ते एक वाक्य. ते तयार करायला बाईंना तीन महिने लागत आणि वाचायला सचिवांना तीन सेकंद. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती आणि संध्याकाळी जिना उतरताना बाईंचा हात आपोआप कठड्याकडे जायला लागला होता.

दोन वर्षांपूर्वी असंच एक वाक्य त्यांनी वर पाठवलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी सरकारनं विक्रीकर वाढवला होता, आणि लोकांना तो जाचतोय का, एवढंच सचिवांना हवं होतं. बाईंनी मॉडेलला विचारलं आणि लिहून दिलं, ‘विक्रीकरातील वाढीचा घरखर्चावर जाणवण्याजोगा परिणाम दिसत नाही.’ वाक्य मंत्र्यांच्या भाषणात गेलं, तिथून वर्तमानपत्रात गेलं, आणि वर्तमानपत्रातून ताईच्या दुकानात.

ताई म्हणजे बाईंची थोरली बहीण. शाळेसमोर तिचं वह्या-पेन्सिली आणि बटणं-दोऱ्यांचं दुकान. भावोजी पूर्वी बसवर वाहक होते, आता गुडघे धरून घरी. वर्तमानपत्र गल्ल्यावर आपटून ताई तेव्हा म्हणाली होती, "हे तू लिहिलंस? डझनानं पेन्सिली नेणारी माणसं आता एकेक नेतात. दोरा तेवढा खपतो, कारण लोक फाटकं शिवताहेत. आणि तू म्हणतेस परिणाम दिसत नाही! उंटावरून शेळ्या हाकायचा पगार मिळतो का गं तुला?"

"ताई, एका दुकानावरून देश कळत नाही. आकडे तसं सांगत नाहीत," बाई म्हणाल्या होत्या. वर हेही म्हणाल्या होत्या, "आणि तुला मेलीला आधीपासूनच रडायची सवय." ताईनं वर्तमानपत्राची घडी केली, आणि त्यानंतर तिनं बाईंपाशी धंद्याचा विषय कधी म्हणून काढला नाही. बाईंना वाटलं, पटलं असेल.

आता सरकारला तोच कर आणखी वाढवायचा होता. सचिवांचा निरोप आला, तेच वाक्य ताज्या आकड्यांवर पुन्हा काढून द्या. जुनी वर्षं शिळी झाली, ती टाका. अलीकडची अकरा घ्या.

बाईंनी जुनी वर्षं टाकली. दुपारचे तीन वाजले होते. पंखा फिरत होता, पण वारा फक्त वरच्या फायलींना लागत होता. अकरावं समीकरण घरखर्चाचं. सगळ्या मॉडेलचा कणा तो. खऱ्या आकड्यांशी त्याची जुळणी आधीही चांगलीच होती. दोन परदेशी तज्ज्ञ एकदा आले होते, त्यांनी ती पाहून माना डोलावल्या होत्या आणि बाई त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी नवी छत्री घेऊन गेल्या होत्या. आज मात्र जुळणी चांगली आली नाही, ती जवळजवळ परिपूर्ण आली. बाईंच्या कपाळाला आठी पडली. गणितात एवढं सुख कुणाच्या वाट्याला येत नाही.

त्यांनी चुकांचा आलेख काढला. समीकरण म्हणतं तो खर्च आणि खरा झालेला खर्च यांत दर तिमाहीला थोडा फरक राहतो, कधी वर कधी खाली. त्या फरकांचे ठिपके कागदावर तुटलेल्या माळेच्या मण्यांसारखे कुठेही विखरून पडले पाहिजेत. चव्वेचाळीस तिमाह्यांचे चव्वेचाळीस ठिपके पडद्यावर आले आणि ते सहा आडव्या ओळींत उभे होते. अगदी शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे. मध्ये एकही ठिपका नाही.

बाईंनी चष्मा पुसला. ठिपके हलले नाहीत. माणसं खर्च करताना सहाच प्रकारे चुकतात, असं एकोणीस वर्षांत कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

आकडेवारी कार्यालय रस्त्याच्या पलीकडे, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. घरखर्चाचे आकडे तिथून दर तिमाहीला एका पाकिटातून येत. पाठवणारे होते रकानेबुवा. खरं नाव त्यांच्या पगारपत्रकावर असेल, बाकी सगळे रकानेबुवाच म्हणत, कारण तक्त्यात रिकामा रकाना दिसला की त्या गृहस्थांना घास गोड लागत नसे. साठीला टेकलेले, शर्टाच्या खिशाला शाईचा डाग, टेबलावर एकही सुटा कागद नाही. बाई आत आल्या तसे ते उठून उभे राहिले.

"बाई, तुम्ही कशाला आलात? बोलावलं असतं तर आलो असतो की!"

"रकानेबुवा, घरखर्चाची पाहणी कोण करतं हल्ली? घरोघर कोण जातं?"

रकानेबुवांनी बाईंकडे असं पाहिलं, की जणू बाईंनी आपलाच पत्ता त्यांना विचारला.

"घरोघर? पाहणी बंद होऊन अकरा वर्षं झाली, बाई. पैसे काढून घेतले ना तेव्हा. एका वर्षापुरतं म्हणाले होते."

"मग आकडे?"

"तुमच्याच पद्धतीनं भरतो की!" आणि त्यांनी अभिमानानं कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, चारही कडांना चिकटपट्टी लावून, एक पिवळी पडलेली चिठ्ठी डकवलेली होती. अक्षर बाईंचं. मागच्या तिमाहीच्या खर्चाचा अमुक हिस्सा, अधिक मजुरीचा तमुक हिस्सा. खाली दोनदा अधोरेखित केलेला शब्द, ‘तात्पुरतं’.

बाईंना आठवलं. अकरा वर्षांपूर्वी हे गृहस्थ जिन्यात उभे होते, हातात तक्ता, चेहरा सुतकी. चार रकाने रिकामे राहतायत म्हणत होते. बाई घाईत होत्या. कठड्यावर कागद ठेवून त्यांनी आपलं अकरावं समीकरण उतरवून दिलं होतं. पाहणी सुरू होईपर्यंत ह्यानं भरा, म्हणाल्या होत्या, आणि खाली उतरेपर्यंत विसरल्या होत्या.

"आणि ते सहा..." बाईंनी चिठ्ठीवर बोट ठेवलं. "रकानेबुवा, ह्या सूत्रानं सरळ आकडे यायला हवेत. थोडे वरखाली कसे होतात?"

"ते होय," रकानेबुवा थोडे लाजले. "पहिलं वर्ष सरळच भरले. तर वरून शेरा आला, आकडे फारच गुळगुळीत आहेत, पाहणी नीट होते ना? म्हटलं, आता काय करावं? मग नातीच्या खेळातला फासा आणला." त्यांनी खण ओढून काडेपेटी काढली आणि काडेपेटीतून एक पांढरा फासा तळहातावर घेतला. "एक पडला की सगळ्यात खाली, सहा पडला की सगळ्यात वर. मग पहिल्या वर्षाचेही चार आकडे ह्यानंच दुरुस्त करून पाठवले. एकदाच टाकतो हं, मनासारखं पडलं नाही म्हणून पुन्हा टाकलाय असं एकदाही केलं नाही. आणि बेरीज दोनदा तपासतो."

बाईंना हसू आलं आणि त्याच दमात डोळ्यांत पाणी आलं. समोरचा माणूस लबाड असता तर बरं झालं असतं, ओरडता तरी आलं असतं. पण आपलेच दात, आपलेच ओठ. अकरा वर्षं त्या पाकीट उघडून आपल्याच समीकरणाचे आकडे वाचत होत्या, त्यांवरून तेच समीकरण पुन्हा काढत होत्या, आणि कसं तंतोतंत जुळलं म्हणून खूश होत होत्या. त्या चिठ्ठीत कर हा शब्दच नव्हता. मग कराचा परिणाम दिसेल कसा? आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"चुकलं का काही, बाई?" रकानेबुवांनी विचारलं. फासा अजून तळहातावर होता.

"तुमचं नाही," बाई म्हणाल्या.

पुढचे दोन दिवस बाईंनी काही केलं नाही. खुर्चीत बसून राहिल्या. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे त्यांनाही कळत होतं. चिठ्ठी कपाटात, फासा काडेपेटीत, आणि सहा ओळी पाहायला दुसरं होतंच कोण? जुनी वर्षं परत मिसळली की ओळी पुसट व्हायच्या. एक वाक्य लिहायचं, तीन वर्षं काढायची, हारतुरे घ्यायचे आणि घरी जायचं. लग्न केलं नाही, पोरंबाळं नाहीत. तुझं लग्न त्या मॉडेलशीच लागलंय, असं ताई म्हणायची. ते मॉडेल पोकळ होतं हे आपल्याच तोंडानं सांगायचं म्हणजे एकोणीस वर्षांवर आपणच पाणी सोडायचं. बाईंना स्वतःची लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त वाटत होती.

पण वाक्य लिहायला बसल्या की ताईचा चेहरा समोर यायचा. वर्तमानपत्राची घडी घालतानाचा. तिला आपण रडकी म्हटलं, आणि कशाच्या जोरावर? नातीच्या फाशाच्या! तिसऱ्या दिवशी बाईंनी ओळखलं, की खोटं सांभाळायलाही अंगात ताकद लागते आणि ती आता आपल्यापाशी नाही. त्या उठल्या आणि सचिवांकडे गेल्या.

सचिवांनी सगळं ऐकून घेतलं. तेही दमलेलेच होते. त्यांच्या टेबलावर जेवणाचा डबा झाकण काढून तसाच राहिला होता. गोष्ट फाशापर्यंत आली तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले.

"बाई, गेल्या अकरा वर्षांत तुमच्या मॉडेलवर आपण काय काय ठरवलं, त्याची यादी काढू का?"

"नको," बाई म्हणाल्या. "ती मला पाठ आहे."

"मग लोकांनी खर्च कमी केलाय की नाही? खरं काय आहे?"

"माहीत नाही."

एकोणीस वर्षांत हे दोन शब्द बाईंनी त्या खोलीत पहिल्यांदा उच्चारले. सचिवांनी डब्याकडे पाहिलं.

"हे वर जाऊन मी सांगू? की आम्हाला माहीत नाही? जुनं वाक्य आहे ते तसंच जाऊ दे, बाई. कुणाला कळतंय?"

"मी सही करणार नाही."

बाईंचा आवाज चढला नव्हता. त्यांना फक्त बसायला खुर्ची हवी होती, आणि ती कुणी दिली नव्हती. सचिवांच्या ते आत्ता लक्षात आलं असावं. त्यांनी खुर्चीकडे हात केला आणि खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बैठक तीन आठवड्यांनी आहे. जुन्या पाहणीच्या यादीत तीनशे घरं होती ना? विचारून या. त्यातून निघेल ते मी वर ठेवीन. नाही जमलं, तर जुनं वाक्य जाईल, तुमच्या सहीशिवाय जाईल, आणि कर वाढेल."

"माणसं किती देणार?"

"माणसं कुठली? तुम्ही आहात, आणि ते तुमचे रकानेबुवा आहेत."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण बाई जिना उतरल्या तेव्हा त्यांना कठडा धरायचं भान राहिलं नाही.

रकानेबुवांनी कपाटाच्या तळातून जुन्या प्रश्नावलीचे गठ्ठे काढले. आठ पानं, अठ्ठेचाळीस प्रश्न. पाहणी चालू होती तेव्हा तरुणपणी ते स्वतः घरोघर हिंडले होते, आणि आता त्यांच्या अंगात एकदम मास्तर संचारला.

"बाई, रागावू नका, पण तुम्ही कधी कुणाच्या दारात उभ्या राहिलाय?"

लोकांचा खर्च बाईंनी चार दशांश स्थळांपर्यंत काढला होता, पण त्यासाठी एकाही घराची कडी वाजवली नव्हती.

"तेच म्हणतो. ‘चपला घेता का’ असं विचारायचं नाही, माणूस हो म्हणतो. अब्रू असते प्रत्येकाला. ‘शेवटच्या कधी घेतल्या’ असं विचारायचं. आणि उत्तर आलं की तारीख-वार विचारायचा. वार विचारला की माणूस खरं बोलतो. दोन-चार दिवस ओळखीच्या घरी सराव करा, मग यादीतल्या घरी जा."

ओळखीचं घर बाईंना एकच होतं. बुधवारी दुपारी, दुकान बंद असायच्या वेळेला, त्या ताईकडे गेल्या. वाटेत रकानेबुवांचा फासा, चिठ्ठी, सगळं कसं सांगायचं याची त्यांनी जुळवाजुळव केली होती. पण ताईनं दार उघडलं आणि ती दचकली.

"तू? आज? बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे गं. काम आहे तुझ्याकडे."

ताई दारातच जरा थांबली, आत वळून पाहिलं, आणि मग बाजूला झाली. भावोजी आतल्या खोलीत पडले होते. बाईंनी खाली बसून सगळं सांगितलं, काही न लपवता. चिठ्ठी सांगितली, फासा सांगितला. शेवटी म्हणाल्या, "तू म्हणत होतीस तेच खरं असेल, ताई. मी तुला रडकी म्हटलं. माझं चुकलं."

ताई हसली नाही, की ‘मी म्हटलं नव्हतं?’ असंही म्हणाली नाही. तिनं पदरानं गुडघ्यावरची नसलेली धूळ झटकली.

"फासा टाकत होते होय?" एवढंच म्हणाली. "मग आता काय करायचं?"

"हे प्रश्न विचारायचे आहेत मला. सराव म्हणून. पण उत्तरं खरी दे."

"विचार."

बाईंनी प्रश्नावली मांडीवर घेतली. पहिले प्रश्न घरात माणसं किती, खोल्या किती असे होते, ते झटपट झाले. पान उलटलं. बाईंचा आवाज आपोआप कचेरीतला झाला.

"गेल्या सात दिवसांत घरात दूध किती दिवस घेतलं?"

आतल्या खोलीत भावोजी खोकले.

"एक दिवस."

बाईंनी मान वर केली. गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी त्या ह्याच घरात, ह्याच चटईवर बसून दुधाचा चहा पीत आल्या होत्या. दुसरा कप ताई नको म्हटलं तरी ओतायची.

"असं कसं? एकच दिवस? मी तर..." आणि मग त्यांना प्रश्नाचा उरलेला भाग विचारावा लागला. "कुठल्या वारी?"

"रविवारी," ताई म्हणाली. "तू येतेस ना."

बाईंच्या हातातलं पेन कागदावर टेकलं, पण उमटलं काहीच नाही. त्यांना म्हणायचं होतं, की मला सांगायचंस. पण दोन वर्षांपूर्वी तिनं सांगितलं होतं, मोठ्यानं, भर दुकानात, आणि आकडे तसं सांगत नाहीत हे उत्तर बाईंनीच दिलं होतं. रडू आलं, ते त्यांनी आवरलं नाही. ताईनं त्यांच्याकडे पाहिलं, उठून पाण्याचा तांब्या आणला आणि शेजारी ठेवला. मग समोर पुन्हा तशीच बसली, पाठ ताठ करून.

"लिही," ती म्हणाली. "एक दिवस. आणि पुढचं विचार, अजून सहा पानं आहेत."